चहा आला की बंद पडणारं इंजिन

सुरू झालेलं इंजिन धावत जाऊन बंद करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही दोघं इंदापूरच्या एका प्रशिक्षण संस्थेत नोकरीला होतो. ते मुलांना डिझेल इंजिन शिकवायचे आणि मी तिथलं स्टोअर सांभाळायचो. संस्थेत सर पुष्कळ होते, पण नुसतं ‘सर’ म्हटलं की ते हेच, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना कळायचं.

एकदा प्राचार्यांची जीप सकाळी सुरूच होईना. त्यांना मीटिंगला पुण्याला जायचं होतं. ड्रायव्हरनं जमतील ते उपाय केले, मग वर्गातली पोरं मागं लागली आणि ढकलत ढकलत जीप फाटकापर्यंत गेल्यावर एकदाची धडधडली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्य बॅग घेऊन आत बसले. तेवढ्यात सर वर्गातून लगबगीनं आले, ड्रायव्हरच्या बाजूनं आत हात घातला आणि इंजिन बंद केलं. प्राचार्य बॅगेसकट खाली उतरले. सर त्यांना शांतपणे म्हणाले, “कशानं बंद पडलं व्हतं ते कुणाला ठावं हाय का? न्हाय ना? मग चालू झालं असं कसं म्हणायचं?”

प्राचार्य त्या दिवशी एसटीनं गेले. जाण्यापूर्वी त्यांनी सरांना मेमो द्यायला सांगितलं, तो दुपारी सरांच्या हातात पडला. सरांनी तो घडी करून खिशात टाकला. संध्याकाळपर्यंत त्यांनी जीपच्या डिझेलच्या नळीला गेलेली केसाएवढी चीर शोधून काढली होती. ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना घरी जाववेना. प्राचार्य परतले नव्हते, म्हणून त्यांनी केबिनबाहेर बसलेल्या शिपायाला उभं करून सगळं समजावून सांगितलं.

सर दिसायला मेकॅनिक वाटायचेच नाहीत. पांढरी पँट, पांढरा शर्ट, तोही रोज इस्त्रीचा. नवीन माणूस त्यांना हेडमास्तर समजायचा. वर्कशॉपमध्ये दिवसभर वावरूनही त्या शर्टावर डाग पडत नसे, याचं साधं कारण म्हणजे ते इंजिनाला फारसा हातच लावत नसत. ते माणसांना हात घालायचे. बिघडलेल्या इंजिनाजवळ गेले की आधी तिथल्या सगळ्यांना जवळ बोलवायचं, आणि हे शेवटचं नीट चाललं तेव्हा कोण कुठं होतं, काय करत होतं, कसला आवाज आला, हे एकेकाला विचारायचं. पोलीस परवडले, असं लोक म्हणायचे. पोलिसांना निदान कंटाळा येतो.

या विचारण्यातून काय काय बाहेर पडायचं! वालचंदनगरकडच्या एका बागायतदाराचा ट्रॅक्टर एकदा सुरू होईना. सर ड्रायव्हरला विचारत गेले आणि विचारता विचारता असं निघालं की मालक झोपला की हा पठ्ठ्या ट्रॅक्टर घेऊन सासुरवाडीला जाऊन येतो. मालक लालेलाल झाला. ड्रायव्हर पाया पडू लागला. सर दोघांवर वैतागले. त्यांचं म्हणणं, ते तुमचं तुम्ही मागनं बघा, आधी सांगा, वाटंत ओढा लागतो का, आन पाणी कुठपातूर व्हतं? त्या माणसाची नोकरी जाईल की राहील, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. निदान तसं दिसायचं तरी. ते खरंच तसे होते का, हा प्रश्न मला नंतर पडला, आणि त्याच्यासाठीच मी हे सगळं लिहितोय.

माझ्या स्टोअरशी त्यांचं कधी जमलं नाही. बाकीचे शिक्षक सतत काहीतरी मागायला यायचे, सर महिनोन् महिने फिरकायचे नाहीत. एखादा पोरगा म्हणाला, “सर, नशीब, चालू झालं,” तर मात्र त्याला घेऊन माझ्या खिडकीशी यायचे आणि गंभीरपणे विचारायचे, “स्टोअरवाले, नशीब नावाचा पार्ट हाय का शिल्लक?” मी रॅकवर बघितल्यासारखं करून नाही म्हणायचो. पोरगा बिचारा खाली मान घालून परत जायचा.

घरीही तीच तऱ्हा. एकदा त्यांना ताप आला. डॉक्टरांनी तीन प्रकारच्या गोळ्या दिल्या आणि ताप उतरला. सर बरे होऊन पुन्हा दवाखान्यात गेले, तिन्हींपैकी कुठल्या गोळीनं उतरला ते विचारायला. पुढच्या वेळेस एकेकच द्या, असंही सांगून आले. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्या हे सगळं मजेनं सांगायच्या. लग्नानंतर सरांनी त्यांना विचारलं होतं, तुम्ही मला होकार कशामुळं दिलात? वहिनी म्हणायच्या, “मी अजून सांगितलेलं नाही. म्हणून तर टिकलेत.”

ते चुकायचेही, आणि सणसणीत चुकायचे. एका ट्रॅक्टरवाल्यानं टाकी भरलीय असं छातीठोक सांगितलं म्हणून त्यांनी दिवसभर बाकी सगळं तपासलं, आणि टाकीत डिझेलचा थेंब नव्हता. दुसरा कुणी असता तर ही गोष्ट पुरून टाकली असती. सर ती दर वर्षी नव्या पोरांना पहिल्याच तासाला सांगायचे, आणि अशा ऐटीत की जणू पदकच मिळालं होतं.

आता पळसदेवची गोष्ट.

माझी भाची सुरेखा, बारामतीच्या ताईची मुलगी, त्या उन्हाळ्यात पळसदेवला दिली होती. घर चांगलं. सासरे तात्या, सासू आक्का, नवरा एकुलता एक. जमीन उजनी धरणाच्या पाण्याच्या काठाला, घरही मळ्यातच. तिथपर्यंत वीज अजून पोचली नव्हती, त्यामुळे पाणी उचलायला डिझेल इंजिन. दसरा होऊन थोडे दिवस झाले होते. ताईचा ऑफिसात फोन आला आणि ती फोनवर रडायलाच लागली.

खंडेनवमीला घरातल्या अवजारांची पूजा या वर्षी नव्या सुनेनं केली होती. त्यानंतर इंजिन बिघडलं. इंदापूरचा मेकॅनिक येऊन गेला, भिगवणचा येऊन गेला. गंमत अशी की कुणीही आला की इंजिन सुरू व्हायचं. तो हात पुसत बसायचा, सुरेखा घरातून चहा करून आणायची, आणि ती चहा घेऊन शेडपाशी आली की इंजिन आचके देऊन बंद पडायचं. मग काही केल्या सुरू होत नसे. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा आक्का नवऱ्याला म्हणाल्या, हिची सावली पडली की बंद पडतंय. नव्यानं लावलेला कांदा ऑक्टोबरच्या उन्हात माना टाकत होता. आक्कांनी ठरवून टाकलं की सुरेखानं दिवाळीला बारामतीला जावं आणि हंगाम निघेपर्यंत तिकडंच राहावं. दिवाळसणाला जावई येणार नाही. पहिल्या दिवाळीला मुलगी एकटी माहेरी येते याचा अर्थ काय, हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ताईनं मला सांगितलं, तू तिला घेऊन तरी ये.

मी सरांना घेऊन गेलो. त्यांना एवढंच सांगितलं की नातेवाइकांचं इंजिन आहे, चालू होतं आणि बंद पडतं. भाचीचं काही बोललो नाही. त्यांना त्याचं काय! माझ्या स्कूटरवर मागं बसून सर हायवेनं जाणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या इंजिनावर शेरे मारत होते आणि मी सुरेखाला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो.

पाऊसकाळ चांगला झाला होता, पाणी काठोकाठ होतं, उन्हाळ्यात वर दिसणारं धरणातलं जुनं देऊळ पूर्ण पाण्याखाली. पाण्याच्या काठाला पत्र्याची शेड, शेडमध्ये इंजिन आणि त्याच्या डोक्यावर डिझेलची टाकी. सरांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना बोलावलं. तात्या आले, जावई आले. आक्का जरा लांब, शेडबाहेरच्या ओट्यावर बसल्या. सुरेखा दाराच्या बाजूला उभी होती. उन्हाळ्यात बघितलेली पोरगी निम्मी राहिली होती. मला बघून तिनं हसायचा प्रयत्न केला, तो मला बघवला नाही.

सर विचारत गेले. तात्या सांगत गेले. फिल्टर बदलला, नॉझल बदललं, डिझेलसुद्धा दुसऱ्या पंपावरून आणलं. शेवटी सर म्हणाले, बंद पडायच्या आधी काय झालं तेवढं सांगा. तात्यांनी आक्कांकडं बघितलं. जावई पायानं माती उकरू लागले. ओट्यावरून आक्काच बोलल्या, “चहा आला की बंद पडतं.”

दुसरा कुणी हसला असता. सरांचे डोळे चमकले. कुणाचा चहा, त्यांनी विचारलं. सूनबाईचा, असं उत्तर आलं. दर टायमाला? दर टायमाला. सर सुरेखाकडं वळले आणि म्हणाले, “मग ठेवा चहा.”

मला वाटलं जमीन दुभंगावी. सुरेखा माझ्याकडं बघत राहिली. पण सर तिकडं बघतच नव्हते. तात्यांना ते म्हणाले, मेकॅनिक येऊन कसं चालू करतात तसंच करा, काही सोडू नका. तात्यांनी टाकीचं टोपण काढलं, आत काडी घालून डिझेल किती आहे ते बघितलं, टोपण घट्ट लावलं. नळीचा नट सैल करून हवा काढली. जावयांनी हँडल मारलं आणि इंजिन सुरू झालं. पाइपातून पाणी पडू लागलं. सुरेखा घराकडं गेली.

आम्ही सगळे घराच्या दिशेनं बघत उभे होतो, एकटे सर इंजिनाकडं बघत होते. थोड्या वेळानं सुरेखा थाळीत कप घेऊन येताना दिसली. मी मनातल्या मनात इंजिनाला हात जोडले. ती बांधावर आली, शेडपाशी आली, आणि इंजिननं आचका दिला. मग आणखी एक. मग बंद.

सुरेखा थाळी घेऊन दारातच थांबली. आक्कांनी तोंड फिरवलं. आणि त्या शांततेत सर मोठ्यानं म्हणाले, “वा! ब्येस!”

तात्या सवयीनं पुन्हा हँडल मारायला गेले तर सरांनी त्यांचा हात धरला. स्वतः टाकीला कान लावला आणि टोपण अगदी सावकाश फिरवायला लागले. आतून ‘श्श’ असा आवाज आला. आम्हा सगळ्यांना ऐकू आला. सर सरळ उभे राहिले, सुरेखाच्या थाळीतला कप उचलला आणि चहा पीत पीत सांगू लागले. टाकीच्या टोपणाला एक बारीक भोक असतं. डिझेल खाली उतरतं तशी वरून तेवढी हवा आत जावी लागते. भोक बुजलं की हवा जात नाही, टाकी डिझेल आतच धरून ठेवते आणि इंजिन उपाशी मरतं. बंद पडल्यावर टोपण कुणी उघडत नाही, नुसतं हँडल मारत बसतात. मेकॅनिक आला की पहिल्यांदा टोपण काढून डिझेल बघणार. म्हणजे टाकीला हवा मिळाली. तेवढ्या हवेवर इंजिन थोडा वेळ चालणार. किती वेळ? तर चूल पेटवून, चहा उकळून, घरून शेडपर्यंत आणायला लागतो साधारण तेवढा वेळ.

मला हसू फुटायच्या बेतात होतं. पण सरांनी टोपण उजेडात धरलं आणि माझं हसू आतल्या आत विरलं. टोपणाच्या बरोबर मध्यावर लाल थर होता, कुंकवाचा, धूळ बसून वाळून घट्ट झालेला.

सरांच्या घरी खंडेनवमी नव्हती. त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून घरात बुद्धवंदना. त्यामुळे अवजारांची पूजा नेमकी कशी करतात हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं, आणि जे माहीत नाही ते विचारायला त्यांना कधीच भीड वाटली नाही. त्यांनी सुरेखाला विचारलं, कुंकू कोरडं होतं की ओलं? ती हळूच म्हणाली, तेलात कालवलं होतं, पत्र्यावर टिकावं म्हणून. कुठं कुठं लावलं? चाकाला, हँडलला, टाकीला. आणि टोपणाला? सुरेखा खाली बघत म्हणाली, “ते गोल हाय ना. कपाळावानी दिसलं.”

सरांनी तिच्याकडूनच सेफ्टीपिन मागून घेतली, भोक मोकळं केलं, टोपण लावलं. इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. चहा पिऊन झाला, कप गार झाले, तरी चालत होतं. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला. मग ओट्यावरून आक्कांचा आवाज आला. “म्हंजी हिच्याच हातानं झालं म्हणा की.”

त्या क्षणी मला सरांचा असा राग आला की विचारू नका. काय गरज होती? नळीत कचरा होता म्हणाले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं? आजवर नुसता संशय होता, या माणसानं त्याला पुरावा आणून दिला. सुरेखा माझ्यामागं येऊन उभी राहिली होती. मी तिला म्हणणार होतो, बॅग भर.

सरांनी इंजिन बंद केलं. तात्या कळवळून म्हणाले, अहो, चाललं होतं की. सर म्हणाले, हे अर्धंच झालं. भोक मोकळं केल्यावर चाललं. आता पुन्हा बुजवल्यावर पुन्हा बंद पडतंय का ते बघायचं, तोवर हे कारण मी धरत न्हाय.

टाकीपाशी तात्या उभे होते, हाताच्या अंतरावर. जावई त्यांच्या शेजारी. भोक बुजवायला कुणाचंही बोट चाललं असतं, चिखलाची गोळीही चालली असती. सरांनी त्या दोघांना सोडून ओट्याकडं बघितलं आणि म्हणाले, “आक्का, तुमी या. कुंकू आन तेल घिऊन या. आन सूनबाई, तुमी तिकडं लांब जाऊन बसा. चहा करायचा न्हाय.”

आक्कांना ते पटलं नव्हतं, पण पाहुण्या माणसाला नाही कसं म्हणायचं? त्यांनी घरातून करंडा आणला, कुंकू तेलात घट्ट कालवलं आणि सरांनी दाखवलेल्या जागी बोटानं दाबून लावलं. सवयीनं त्यांचा हात नमस्काराला गेला. सुरेखा लांब बाभळीखाली जाऊन बसली. इंजिन सुरू झालं. सर उकिडवे बसले. चहा नव्हता, कुणी येणार नव्हतं, कुणाची सावली पडत नव्हती. पाइपातून पाणी पडत होतं, आणि आक्का टाकीपासून नजर काढत नव्हत्या.

इंजिननं आचका दिला. मग आणखी एक. मग बंद.

त्या दिवाळीला जावई सुरेखाला घेऊन बारामतीला आले आणि भाऊबीज होईपर्यंत राहिले, हे इथंच सांगून टाकतो. पळसदेवहून परत येताना वाटेत मी सरांना विचारलं होतं की तात्या हाताशी असताना तुम्ही आक्कांनाच का बोलावलं? सरांनी मला टाकी निम्मी असती तर इंजिन जास्त वेळ का चाललं असतं, ते थेट इंदापूर येईपर्यंत समजावून सांगितलं. पुन्हा कधी मी विचारलं नाही. त्यांना सगळं कळलं होतं, असं मी धरून चालतो. वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, बरं झालं, एक तरी प्रश्न त्यांच्याकडून अनुत्तरित राहिला.

पण मी सांगत होतो ते शेडमधलं. इंजिन बंद पडल्यावर आक्का बराच वेळ आपल्या लाल बोटाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी बाभळीकडं बघून सुरेखाला हाक मारली. ती घाबरत घाबरत आली.

“माझ्या हातानंबी बंद पडलं की गं,” आक्का म्हणाल्या.

आक्का तिथंच खाली बसल्या. आणि एकदम, कुणी काही विचारलेलं नसताना, सांगायला लागल्या. त्या या घरात सून म्हणून आल्या त्याच साली पांढरा बैल बसला होता. चांगला उमदा बैल. परत उठलाच नाही. हिच्या पायानं बैल गेला असं सासू मरेपर्यंत म्हणत होती, आणि गावातल्या जुन्या बायका अजूनही म्हणतात. “त्या बैलाला झालं काय व्हतं,” आक्का म्हणाल्या, “ते कुणी इचारलंच न्हाय.”

तात्या दुसरीकडं बघू लागले. मला वाटलं आता निघावं. सर मात्र इंजिन तसंच सोडून, पांढऱ्या पँटीचा विचार न करता, आक्कांच्या समोर चिखलात मांडी घालून बसले.

“वैरण कवा सोडली त्यानं?” त्यांनी विचारलं.

आक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली. त्यांना सगळं आठवत होतं.